निळ्या दिव्यावरची गोधडी

सातपुते सिस्टर रिपोर्टचा कागद हातात धरून दारातच थांबल्या आणि मला कळलं, आकडा वाढलाय.

"किती?" मी विचारलं.

"डॉक्टर येतीलच राउंडला. ते सांगतील."

"सिस्टर, किती?"

त्यांनी एकदा माझ्या आईकडे पाहिलं, एकदा माझ्या सासूबाईंकडे. "अठरा पॉइंट सहा."

आदल्या संध्याकाळी सोळा होता. कावीळ उतरावी म्हणून माझ्या चार दिवसांच्या मुलीला काल दिवेलागणीपासून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्टी, कमरेला इवलासा लंगोट, बाकी सगळं अंग उघडं. रात्रभर त्या उजेडात पडूनही कावीळ उतरायच्या ऐवजी चढली होती.

"म्हणजे औषध लागू पडंना," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. हौसाबाई हे त्यांचं नाव फक्त मतदार यादीत उरलेलं. कवठ्याजवळच्या खेड्यातून त्या पहिल्या एस्टीनं आल्या होत्या आणि आल्यापासून खोलीत त्यांचंच राज्य होतं. "ह्याच्यापरीस कोवळं ऊन दावा म्हणत होते मी. पण शिकल्यालं घर. आम्हाला कोण इचारतंय."

पहिलं बाळंतपण माहेरी. जे काही होईल ते आईच्या उंबऱ्यावर. तासगावात आई शिवणकाम करायची, चौगुलेबाई म्हणून सगळ्यांना माहीत. निम्म्या गावाच्या ब्लाउजांना तिचा हात लागलेला, त्यामुळे निम्मं गाव बाळ बघायला येऊन गेलं होतं आणि जाताना प्रत्येकजण काहीतरी सांगून गेली होती. आईचं दूध अंगी लागत नाही. आईचं रक्त बाळाला मानवलं नाही. गरोदरपणी हळद जास्त खाल्ली असेल.

डॉक्टर माणगावे आले. बाळाच्या छातीवर बोट दाबून कातडीचा रंग पाहिला, मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे वळले.

"तुझा रक्तगट ओ, बाळाचा ए. त्यामुळे कावीळ जोरात आहे. चार वाजता परत रक्त तपासू. वीसच्या पुढं गेली तर मी इथं ठेवणार नाही. मिरजेला हलवू."

"तिथे काय करतील?"

"रक्त बदलतील. बेंबीच्या नाळेतून थोडं काढायचं, थोडं दुसरं घालायचं. घाबरायचं नाही, त्यांचा हात बसलाय. पण कावीळ मेंदूत शिरण्याआधी करावं लागतं."

ते गेले. मी पुण्याला नवऱ्याला, उन्मेषला फोन लावला. तो म्हणाला, निघतोच. त्याच्या आवाजावरून कळलं की तोही आता भिंतीकडे बघत उभा राहिला असणार.

मग मी बघायला लागले. दुसरं काही करता येत नव्हतं. श्वास बघायचा, बोटं बघायची, डोळ्यांवरची पट्टी नाकावर तर आली नाही ना ते बघायचं. ती जांभई द्यायची तर मला वाटायचं, सुस्त झाली. रडली तर वाटायचं, ही रड वेगळी आहे.

मशीन म्हणजे चाकांचा एक स्टँड होता. रस्त्यावरचा दिवा वाकलेला असतो तसा एक डोक्यासारखा पेटारा पाळण्यावर वाकलेला, आणि त्याच्या पोटात निळ्या एलईडी. शेजारच्या खाटेवर शमशाद होती, सांगली नाक्यावरच्या बेकरीवाल्यांची सून. तिचं दुसरं बाळंतपण, त्यामुळे ती निवांत. आदल्या संध्याकाळी मात्र तिनं आकांत मांडला होता. "सिस्टर, डोळ्यात सुया टोचतायत. माझंच पोरगं आंधळं व्हायचं." तेव्हा सातपुते सिस्टरनी दिव्याच्या तिन्ही बाजूंनी पांढऱ्या चादरी लटकवल्या. तसं करतातच, उजेडही बराचसा आतच राहतो; पातळ कापडातून थोडा मात्र तिच्याकडे यायचाच.

वरची गोधडी मात्र सिस्टरनी टाकली नव्हती. ती आईनं टाकली. निजानीज व्हायच्या आधी पिशवीतून काढली. सात महिने ब्लाउजपिसांचे तुकडे जोडून तिनं ती शिवली होती, काठाला हिरवा दोरा. बाळाला घालायला डॉक्टरांनी बंदी केलेली. उघडं लेकरू तिला बघवेना. बराच वेळ ती गोधडी छातीशी धरून उभी राहिली आणि मग तिनं ती घडी मोडून पेटाऱ्यावर नीट पसरली, चारी कोपरे ओढून. लेकरू तिच्या मांडीवर नाही तर निदान तिच्या गोधडीच्या छपराखाली. मी पाहिलं. मी थांबवलं नाही. मला ते बरंच वाटलं होतं.

सकाळी आल्या आल्या आत्यांनी ते हेरलं होतं. "काय ओ विहीणबाई, आता दिव्याला बी थंडी वाजाय लागली काय?"

आई ओशाळून हसली होती. "राहू दे हो. तेवढीच माया."

आता दुपारचे बारा वाजत आले होते. लाईट गेली.

हॉस्पिटलच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब चालायच्या, हे मशीन नाही. जनरेटरच्या माणसाला शोधायला वॉर्डबॉय पळाला. मी तेवढ्यात बाळाला पदराखाली घेतलं. ती चार घोट प्यायली आणि झोपली. मी तिच्या पायाला टिचक्या मारत राहिले. जनरेटर काही सुरू झाला नाही. पाऊण तासानं लाईटच आली. बाळाला मी परत दिव्याखाली ठेवलं, पट्टी सारखी केली, आणि दिवा लागला.

"या अल्ला!" शमशादनं ओढणी डोळ्यांवर ओढली. "परत लागला का सत्यानाशी!"

"जरा भिंतीकडं तोंड कर की गं," आत्या म्हणाल्या. "पोरीचं औषध हाय ते."

"आजी, तुम्ही बसा ना मग इकडं."

मी हसले बहुतेक. आई पेज घेऊन आली, मी चमच्यानं प्यायले. मग सहज मान वळवली तर शमशाद पाय पसरून बसली होती, पोराला थोपटत, आणि सरळ माझ्या बाळाच्या दिव्याकडे बघत होती. टीव्हीकडे बघावं तशी.

"भाभी, आता डोळ्याला लागत नाही?"

"आता कुठं लागतंय? कमी झाला की."

"सवय झाली असेल."

"सवय कसली? काल पण असंच. पहिल्यांदा झगझगीत, मग नरम. नाहीतर मी झोपले असते का इथं?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

पुण्यात मी पाच वर्षं एकाच गोष्टीवर काम करत होते. एलईडीला घरातली वीज तशीच्या तशी चालत नाही. मधे एक डबी लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती येणारी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि तिच्यातून दिव्याला हवा तेवढाच करंट मोजून देते. आई शेजारणींना सांगायची, "आमची शर्वरी लाईटच्या डब्या भरते," जणू पापडाच्याच. या डब्यांचा एक शत्रू असतो, उष्णता. म्हणून त्यांत एक सोय ठेवलेली असते. डबी फार तापली तर ती जळून जात नाही. आपण होऊन करंट कमी करते आणि दिवा हळूहळू मंद होतो. इतका हळू की माणसाच्या डोळ्याला कळत नाही. उजेड निम्म्यावर आला तरी डोळा म्हणतो, ठीक आहे. ही सोय दुकानदारांना फार आवडते. दिवा बंद पडत नाही, गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

मी उठले. टाक्यांमुळे मला सरळ उभं राहता येत नव्हतं. स्टँड धरून हात वर नेला आणि गोधडीखाली घातला.

तवा असावा तसं तापलं होतं. पेटाऱ्याच्या वरच्या बाजूला हवा जायच्या फटी होत्या आणि त्या सगळ्या आईच्या ब्लाउजपिसांनी बुजल्या होत्या.

"काय गं? काय झालं?" आई धावली.

मी गोधडी ओढून काढली आणि कॉटवर फेकली. "टेबलफॅन. आई, तो कोपऱ्यातला टेबलफॅन आण. बाळाकडे नको, वर. वरच्या डब्याकडे तोंड कर."

"बाळाला वारा लागेल..."

"आई, आण!"

पंखा आत्यांनी आणला. स्टुलावर चढवला, तोंड वर केलं, वायर माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं आणि बसून राहिले, शमशादकडे बघत. दिव्याकडे बघून उपयोग नव्हता. माझा डोळाही त्याला फसलेला होता.

थोड्या वेळानं तिनं पापण्या मिटमिटवल्या. मग कपाळावर हात आडवा धरला. मग पोराला उचलून पाठ फिरवली. "हे काय हो ताई, परत आलं! काय केलंत?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडती काय," आत्या म्हणाल्या. "सांग तरी काय ते."

"आत्या, नळाची तोटी असते ना. ही वरची डबी म्हणजे तोटी. तापली की आपणच आपल्याला कमी उघडते. रात्रभर बाळावर धार नाही, थेंब पडत होते."

त्यांनी कॉटवरच्या गोधडीकडे पाहिलं. मग आईकडे. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बाबा गेले तेव्हाही नाही. तिची सुईनं टोचून खडबडीत झालेली बोटं एकमेकांत अडकली होती आणि सुटत नव्हती.

मी सिस्टरना हाक मारली, सिस्टरनी डॉक्टरांना. डॉक्टर ओपीडी अर्धवट टाकून आले, म्हणून आधीच तापलेले. दाराशी बाळ बघायला आलेल्या दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. दोघी आईची गिऱ्हाइकं. हॉस्पिटलात अशा वेळी कुणी जा म्हटलं तरी जात नाही.

"मशीन चालू आहे की," डॉक्टर म्हणाले. "हिरवा दिवा लागलाय."

"हिरवा दिवा म्हणजे वीज आली, एवढंच. बाळावर उजेड किती पडतोय ते तो सांगत नाही."

"नवं मशीन आहे, शर्वरी. दिवाळीत घेतलंय."

"नवं आहे म्हणूनच, डॉक्टर. जुनं असतं तर तापून बंद पडलं असतं आणि आपल्याला कळलं असतं. हे बंद पडत नाही. कमी होतं."

त्यांनी हात वर करून पेटाऱ्याला लावला. अजून चटका बसत असावा, कारण त्यांनी तो लगेच मागे घेतला. काही क्षण ते चादरींकडे, पंख्याकडे, गोधडीकडे बघत राहिले. समजलं त्यांना. आणि समजल्यावर आवाज चढला.

"वर काही टाकायचं नाही हे कळत नाही? सिस्टर!"

"सर, मी फक्त बाजूच्या चादरी लावल्या. ही नंतर..." सातपुते सिस्टरनी चादरीचं टोक धरून दाखवलं. बाईंची नोकरीच जायची.

"मग कुणी टाकली? कुणाचं डोकं हे?"

आईनं तोंड उघडलं. दारातल्या दोघी एक पाऊल आत आल्या.

"मी," आत्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या पदर खोचून उभ्या होत्या, भांडायला उभ्या राहतात तशाच.

"मी टाकली. येणारं-जाणारं वाकून बघतंय, उघडं पोर. म्हटलं दृष्ट लागंल."

"दृष्ट!" डॉक्टर म्हणाले. "आजीबाई, तुमच्या त्या दृष्टीपायी ह्या लेकराचं रक्त बदलायची वेळ आलीय. कळतंय का? बाहेर बसा तुम्ही. चार वाजेपर्यंत ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"चुकलं," आत्या म्हणाल्या.

लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नव्हता. मीठ जास्त झालं तरी त्या म्हणायच्या, मिठाचा खडा मोठा होता.

"विहीणबाई..." आई पुढे झाली.

"तुम्ही लेकीजवळ ऱ्हावा. पेज बी अर्धीच खाल्लीया तिनं." आणि त्या दारातल्या दोघींच्या मधून, मान वर करून, बाहेर गेल्या. त्यांच्या पाठीमागे कुजबुज लगेच सुरू झाली. "सासू गं. आल्या आल्या बघ कसं केलं. चौगुलेबाईंची काय चूक, त्या बिचाऱ्या..."

चार वाजेपर्यंतचा वेळ मी सांगू शकत नाही. आई पायथ्याशी बसून होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्या मांडीवर डोकंही ठेवायचं होतं, आणि दोन्हींपैकी काहीच न करता मी पंख्याची वायर पकडून बसले होते. जणू हात सुटला तर तो बंद पडेल. एकदा आई म्हणाली, "मी सांगते डॉक्टरांना." मी म्हटलं, "आता नको. आता फक्त आकडा येऊ दे." सिस्टरनी टाचेतून रक्त घेतलं. बाळ कडाडून रडलं आणि मला तो आवाज फार आवडला.

रिपोर्ट घेऊन यावेळी डॉक्टर स्वतः आले.

"अठरा पॉइंट तीन." त्यांनी चष्मा पुसला. "वाढली नाही. सकाळच्या वेगानं वाढली असती तर आत्तापर्यंत वीसला टेकली असती. उतरतीला लागलीय. मिरज आज नको. रात्री परत बघू, पण मला वाटतं, नको." जाता जाता ते थांबले. "तो पंखा राहू दे तसाच. आणि सिस्टर, ह्या मशीनवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, वर काही ठेवू नये."

आई भिंतीला टेकून मटकन खाली बसली. मी बाळाला तिच्या नजरेखाली सोपवलं आणि खाटा धरत धरत व्हरांड्यात गेले.

आत्या बाकावर बसल्या होत्या. दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं त्यांनी. मला बघून अर्ध्या उठल्या.

"उतरली," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग लगेच आवाज नेहमीचा. "टाके ओले हायत आणि हिंडती कशाला? बस खाली."

मी बसले. "तुम्ही का म्हणालात? तुम्ही तर हसला होता त्या गोधडीला."

"हसले व्हते खरं."

"मग?"

त्या समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. द्राक्षाच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो गेला.

"तुझ्या आईला ह्या गावात ऱ्हायाचंय," त्या म्हणाल्या. "मी परवा एस्टीत बसणार. मला हितं कोण वळखतंय? सासू म्हणून आधीच वाईट हाय मी, आणखी जरा. पण तिच्या दारात उद्या बाया ब्लाउज टाकाय यायच्या, त्या काय म्हणल्या असत्या? नातीला मारत हुती, ती हीच बाई."

मी विचारलं, "आणि बाळाला काही झालं असतं तर? तरी म्हणाला असता?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, हो. आत्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या.

"तवा काय म्हणले असते, ते मला बी ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं, बघाय लागलं न्हाई."

माझी लेक गार्गी आता सात वर्षांची आहे. आत्यांनी ती गोष्ट मधल्या काळात इतक्यांदा सांगितली की त्यांच्या गावात ती त्यांचीच झाली. बारशाला सांगितली, वाढदिवसांना सांगितली, स्वतःवर हसत, डॉक्टरांची नक्कल करत. आई असली की उठून स्वयंपाकघरात जायची. दोघींमध्ये त्यावर कधी शब्द झाला नाही.

मागच्या उन्हाळ्यात आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी रजेची जुळवाजुळव करत होते तोवर आईचा फोन आला, की ती कवठ्याच्या एस्टीत बसलीय. मला पटेना. मुलीच्या सासरी ती कधी एक रात्रही राहिली नव्हती. चहा घेतला तरी उभ्यानं घ्यायची. ती तिथे तीन आठवडे राहिली. विहिणीच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या आणि ठरल्या वेळेला डोळ्यात औषध घातलं.

शेवटच्या रविवारी मी गार्गीला घेऊन गेले होते. आत्या खाटेवर आडव्या, काळा चष्मा काढलेला, आई उशाशी औषधाची बाटली घेऊन. शेजारची एक म्हातारी टेकायला आली होती. ती गार्गीला जवळ ओढत म्हणाली, "हीच न्हवं का गं ती पोरगी? जिच्या दिव्यावर हिच्या आज्जीनं गोधडी टाकली?"

"हीच," आत्या आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "आणि मीच ती आज्जी. डॉक्टर असा कावला माझ्यावर..."

"ती मी टाकली होती," आई म्हणाली.

बाटलीचं तोंड तिनं आत्यांच्या डोळ्यावर धरलेलं होतं आणि हात अजिबात हलला नव्हता.

"ह्यांनी नाही. गोधडी माझी, टाकली मी. ह्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. डॉक्टरांच्या शिव्या, आमच्या गावाची बोलणी, सगळंच."

म्हातारी एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. आत्यांचा औषध घालायचा डोळा उघडाच होता, टक्क, छपराकडे लागलेला.

"बघा," त्या म्हणाल्या. "एवढी एक गोष्ट हुती माझी गावात सांगायला. ती बी विहिणीनं न्हेली."

"बोलू नका," आई म्हणाली. "थेंब बाहेर जातोय."